शिष्यवृत्तीची मुदत

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरचे मुडबी हे बसवकल्याण तालुक्यातील गाव ज्या मुलखात मोडते, त्या मुलखाला परक्या प्रांतांतून आणि देशांतून आलेल्या विद्वानांना आश्रय देण्याची आणि शिकणाऱ्यांच्या पोटापाण्याचा भार राज्याने उचलण्याची परंपरा किमान नऊशे वर्षांची आहे. आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मीरमधील खोनमुख या गावचा कवी बिल्हण मथुरा, कनौज, प्रयाग, काशी, सोमनाथ असा देश पालथा घालत अखेर याच नगरीत स्थिरावला आणि सहाव्या विक्रमादित्याने त्याला ‘विद्यापती’ हे पद दिले. पुढे चार शतकांनी, १४७२ मध्ये, इराणच्या गिलान प्रांतातून व्यापारी म्हणून आलेल्या आणि बहामनी राज्याचा वजीर झालेल्या महमूद गवानाने बिदर शहरात तीन मजली मदरसा उभारला. त्यात विद्यार्थ्यांच्या खोल्या, शिक्षकांची निवासस्थाने, मशीद, व्याख्यानाची दालने आणि सुमारे तीन हजार हस्तलिखितांचा संग्रह होता, शिकणाऱ्यांच्या अन्नवस्त्राची सोय संस्थेकडूनच होत असे, आणि तेथे शिकवण्यासाठी इराणातील नामवंत विद्वानांना बोलावणी जात असत. गवानाला १४८१ मध्ये त्याच्याच सुलतानाने ठार करविले, आणि १६९६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग कोसळला; तरीही तिच्या उरलेल्या मनोऱ्यावर निळ्यापांढऱ्या चकाकत्या फरशा आजही दिसतात.

एकोणिसाव्या शतकात हा प्रवाह उलटा झाला. विद्या मिळवण्यासाठी दूरदेशीचे लोक येथे येण्याऐवजी येथल्या तरुणांना समुद्र ओलांडावा लागू लागला, कारण बॅरिस्टर होण्याची सोय लंडनमध्येच होती, सनदी सेवेची परीक्षा तेथेच होत असे, आणि विज्ञान, वैद्यक किंवा अर्थशास्त्र यांतील संशोधनाची पदवी देणारी विद्यापीठे युरोप-अमेरिकेतच होती. असा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असल्याने तीन प्रकारचे आश्रयदाते पुढे आले. पहिला आश्रयदाता हिंदुस्थान सरकार. त्याच्या शिष्यवृत्तीवर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये तेथील गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे म्हणजे ‘सीनियर रँग्लर’ ठरले. दुसरा प्रकार खासगी निधींचा. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेल्या निधीतून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ रक्कम मिळे, आणि तिच्या पहिल्या लाभार्थींमध्ये कोल्हापूरच्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर होत्या. तिसरा प्रकार संस्थानिकांचा. मुडबीचा मुलूख ज्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होता, त्या संस्थानाने १८९५ मध्ये सोळा वर्षांच्या सरोजिनी चट्टोपाध्याय यांना, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू यांना, शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडला पाठवले; लंडनचे किंग्ज कॉलेज आणि केंब्रिजचे गर्टन कॉलेज येथे काही काळ घालवून त्या १८९८ मध्ये पदवी न घेताच परतल्या, आणि तरीही हैदराबादचा तो पैसा वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान असते, आणि शिष्यवृत्तीविषयी बोलताना ती नेमकी निसटते. देणाऱ्याची नजर रकमेवर असते, घेणाऱ्यालाही आरंभी रकमेचीच चिंता असते. परंतु शिष्यवृत्तीत खरोखर दिला जातो तो काळ. अमुक वर्षे पोटाची काळजी न करता अभ्यास करण्याची मुभा, आणि त्या बदल्यात ती वर्षे संपताच परत येऊन काहीतरी फेडण्याचे बंधन, असा तो व्यवहार असतो. विद्यार्थी त्या मुदतीचा उपयोग कसा करतो आणि मुदत संपल्यावर देणारा त्याला कसे वागवतो, या दोन प्रश्नांवर व्यवहाराचे यश ठरते. मराठी माणसाच्या माहितीतील या विषयाचे सर्वांत सविस्तर आणि सर्वांत कठोर उदाहरण डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे आहे. त्याकडे गौरवाच्या नजरेने अनेकदा पाहिले जाते. शिष्यवृत्तीच्या व्यवहाराचा हिशेब म्हणून मात्र क्वचितच.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातले, दत्तक जाऊन राजे झालेले. आपल्या राज्यात १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणारा आणि ग्रंथालयांचे जाळे उभारण्यासाठी अमेरिकेहून तज्ज्ञ आणवणारा हा राजा हुशार तरुणांना परदेशी पाठवण्याकडे दानधर्म म्हणून पाहत नव्हता. राज्याला लागणारे अधिकारी तयार करण्याचा तो मार्ग होता. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमरावांना गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या शिफारशीमुळे बडोद्याकडून दरमहा २५ रुपये मिळत असत. पदवीनंतर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, परंतु वडील आजारी असल्याची तार आल्याने लगेच मुंबईला परतले आणि २ फेब्रुवारीला रामजी सुभेदारांचे निधन झाले. त्याच वर्षी काही विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवण्याचे सयाजीरावांच्या मनात होते. त्यांत भीमरावांची निवड झाली आणि ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा सरकारशी करार केला.

या कराराची कलमे मुळापासून पाहण्यासारखी आहेत. राज्याने तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यायचे, विद्यार्थ्याने ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोद्याची चाकरी करायची. त्या काळी एका पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे ही रक्कम दरमहा सुमारे १७२ रुपये होते. न्यूयॉर्कमध्ये तिचे जेमतेम ५६ डॉलर होत. तीन वर्षांच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची सेवा हे प्रमाण आज कोणाला जाचक वाटेल, परंतु आजही अनेक सरकारी खाती आपल्या कर्मचाऱ्याला पगारी रजेवर परदेशी पाठवताना परतल्यानंतरच्या सेवेचे बंधपत्र लिहून घेतात, आणि त्यामागचा विचार बडोद्याच्या विचारापेक्षा फारसा निराळा नसतो.

जुलै १९१३ च्या तिसऱ्या आठवड्यात आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. प्रथम ते विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले, तेथील जेवण न मानवल्याने कॉस्मोपॉलिटन क्लब या परदेशी विद्यार्थ्यांच्या निवासात गेले, आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. परदेशी शिकणाऱ्याची पहिली काही आठवड्यांची धडपड सर्वत्र सारखीच असते, म्हणजे खोली, जेवण आणि ओळखीचा एखादा माणूस. त्यांतली तिसरी गोष्ट आंबेडकरांना अशी लाभली की भथेनांशी जडलेली ही मैत्री आयुष्यभर टिकली आणि पुढे एका बिकट प्रसंगी पैशाच्या रूपानेही उपयोगी पडली. मात्र त्यांच्या अनुभवात एक गोष्ट इतर विद्यार्थ्यांपेक्षा वेगळी होती. बाकीच्यांना परदेशात परकेपणा भेटतो. आंबेडकरांना तेथे प्रथमच असे जेवणाचे टेबल, अशी खोली आणि असा वर्ग मिळाला, जेथे जात विचारली जात नव्हती. अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांचा भेद तेव्हा जोरात होता हे खरे, परंतु कोलंबियाच्या आवारात शिरलेल्या या हिंदी तरुणाला त्या भेदाने अडवले नाही.

मुदतीचा वापर त्यांनी कसा केला हे विद्यापीठाच्या नोंदींवरून समजते. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्राथमिक पातळीचा प्रत्येकी एक, असे एकूण ६० पाठ्यक्रम घेतले. पदवीसाठी इतके लागत नव्हते. नेमलेला विषय सोडायचा नाही, परंतु त्याच्या कडेचे सर्व काही ऐकून घ्यायचे, हे धोरण त्यामागे दिसते. करारातील ‘ठरवून दिलेले विषय’ या कलमाला धक्का न लावता ते ओलांडण्याचा हा मार्ग होता. सार्वजनिक वित्तव्यवस्थेचे, म्हणजे सरकार कर कसे बसवते आणि पैसा कसा खर्च करते या शास्त्राचे, अभ्यासक एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, इतिहासकार जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल, मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर हे त्यांचे शिक्षक होते. न्यूयॉर्कमध्ये त्या वर्षांत लाला लजपतराय राष्ट्रीय चळवळीचे काम करीत होते आणि हिंदी विद्यार्थ्यांना तिच्यात ओढीत होते; आंबेडकरांनी मात्र अभ्यास आणि चळवळ यांची सरमिसळ टाळली.

गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःचे संशोधन मांडून इतरांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची अशा वर्गात, ९ मे १९१६ रोजी आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीचे मर्म अंतर्विवाहात, म्हणजे आपल्याच गटात लग्न करण्याच्या सक्तीत आहे. गटातील स्त्री-पुरुषांची संख्या समतोल ठेवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी आल्या. आणि वरच्या गटाने दार बंद करून घेतल्यावर खालच्यांनी त्याचे अनुकरण केले, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा निबंध पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापला गेला. बडोद्याच्या राज्यकारभाराला या विषयाचा तसा उपयोग नव्हता, आणि विद्यार्थ्याला जन्मभर पुरलेला विषय मात्र हाच होता. शिष्यवृत्ती देणाऱ्याला आपल्या पैशातून काय उगवेल याचा अंदाज किती कमी असतो, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

एम.ए. १९१५ मध्ये पूर्ण झाली आणि डॉक्टरेटचा प्रबंध १९१६ मध्ये तयार झाला. तरीही पीएच.डी. ही पदवी हातात पडली ती १९२७ मध्ये, आणि या अकरा वर्षांच्या अंतराने अनेक वाचक गोंधळतात. कारण साधे होते. कोलंबियाच्या तेव्हाच्या नियमानुसार प्रबंध मान्य होणे पुरेसे नसे. तो छापून त्याच्या ठरावीक प्रती विद्यापीठाला सादर केल्यावरच पदवी दिली जाई, आणि छपाईचा खर्च विद्यार्थ्याचा. आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ लंडनमध्ये १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला. शिष्यवृत्तीच्या रकमेत प्रवास, शुल्क, खाणेपिणे यांचा विचार असतो. अभ्यासाच्या शेवटच्या पायरीवर येणारा असा खर्च मात्र बहुधा कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतो, आणि आजचे संशोधक विद्यार्थीही याच ठिकाणी अडतात.

न्यूयॉर्कहून ते १९१६ मध्ये लंडनला गेले. वकिलीसाठी ग्रेज इन या संस्थेत, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या चार जुन्या संस्थांपैकी एकीत, आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव घातले. परंतु बडोद्याने दिलेली वाढीव मुदत संपत आली होती आणि दिवाणांनी परत येण्यास सांगितले. चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ते १९१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईला पोहोचले. महायुद्ध सुरू असल्याने सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते, आणि टॉर्पेडोने ती बोट बुडाली; अमेरिकेत पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके तिच्याबरोबर गेली. थॉमस कुक कंपनीने नुकसानभरपाई म्हणून ६०० रुपये दिले. त्यातलेच काही पैसे घेऊन ते कराराप्रमाणे बडोद्याला निघाले, म्हणजे संस्थानाचा उच्चशिक्षित अधिकारी आपल्या नोकरीच्या गावी पोहोचला तो बुडालेल्या पुस्तकांच्या भरपाईवर.

पुढे जे घडले ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. बडोद्यात त्यांना कोणी खोली देईना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव नोंदवून दररोज दीड रुपयाने मुक्काम केला, आणि अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेल्या डझनभर पारशांनी त्यांना घेरून संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. दोन मित्रांना त्यांनी आसरा मागितला. एक हिंदू होता आणि एक ख्रिस्ती, आणि दोघांनीही घरच्या अडचणी पुढे केल्या. अखेर कमाठी बागेत बसून त्यांनी रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. परदेशातील वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसून गेली होती, असे त्यांनी या प्रसंगाच्या आठवणीत नमूद केले आहे. कचेरीतही शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत.

या घटनेकडे सामान्यतः अस्पृश्यतेच्या क्रौर्याचे उदाहरण म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. तिची दुसरी बाजू शिष्यवृत्तीच्या व्यवहाराची आहे. बडोद्याने या तरुणाच्या शिक्षणावर चार वर्षे खर्च केला, त्याच्याकडून दहा वर्षांची सेवा लिहून घेतली, आणि ती सेवा घेण्यासाठी आवश्यक असलेली एक खोली त्याला मिळवून दिली नाही. करारातील आपापल्या बाजूंचा हिशेब लावला तर विद्यार्थ्याने आपली बाजू पुरी केली होती, आणि राज्य ज्या ठिकाणी कमी पडले ती गोष्ट पैशाने सुटणारी नव्हती; सयाजीरावांची इच्छा आणि त्यांच्याच राजधानीतील समाजाची वागणूक यांच्यामध्ये जे अंतर होते, ते करारपत्रात कोठेही लिहिलेले नव्हते. परदेशी पाठवणाऱ्या योजना निवड आणि खर्च यांचा बारकाईने विचार करतात आणि परतीचा विचार तिकिटापाशी थांबवतात, ही उणीव त्या काळी होती आणि आजही आहे.

अपुरे राहिलेले लंडनचे शिक्षण पूर्ण करण्यासाठी आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा निघाले, आणि या वेळी शिष्यवृत्ती नव्हती. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दोन वर्षांहून कमी काळ प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज एवढ्या शिदोरीवर ते गेले. दोन्ही मुक्कामांची तुलना उद्बोधक आहे. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षे निश्चित असल्याने त्यांनी ६० पाठ्यक्रम ऐकले; लंडनमध्ये प्रत्येक आठवडा स्वतःच्या खिशातून जात असल्याने त्यांनी फक्त पूर्ण करायचे तेच केले. सकाळी ग्रंथालय उघडताना आत जायचे, बंद होताना बाहेर पडायचे, आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड भाजून दुधाबरोबर खायचे, असा दिनक्रम चरित्रकारांनी नोंदवला आहे. एम.एस्‌सी. १९२१ मध्ये झाली. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्‌सी.चा प्रबंध परीक्षकांनी एकदा दुरुस्तीसाठी परत केला, तोवर पैसे संपल्याने त्यांना मुंबईला यावे लागले, दुरुस्त्या येथूनच पाठवाव्या लागल्या, आणि १९२३ च्या अखेरीस पदवी मिळाली.

कमी मुदतीत काम उरकण्याची अशीच कसोटी विज्ञानात कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांच्या वाट्याला आली. शिष्यवृत्त्यांच्या आधारावर त्या केंब्रिजला गेल्या आणि वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्राणवायूच्या वापरात भाग घेणारे प्रथिन असते हे दाखवून, अवघ्या चौदा महिन्यांच्या कामावर लिहिलेल्या सुमारे ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. अर्थात, प्रत्येकाकडून अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. असामान्य माणसांच्या वेगावरून सामान्य विद्यार्थ्यांची मुदत ठरवण्याचा मोह सरकारी कचेऱ्यांना होतो, म्हणून हे सांगितलेले बरे.

आंबेडकरांना स्वतःला या व्यवहाराचे महत्त्व इतके पटलेले होते की व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर, १९४२ मध्ये लॉर्ड लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी, परदेशातील शिक्षणासह, सरकारी पैशाची मागणी केली. राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेली गोष्ट त्यातून सरकारची जबाबदारी बनू लागली. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारची ‘राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती’ १९५४-५५ पासून सुरू झाली, आणि ती आजही सामाजिक न्याय मंत्रालयाकडून चालवली जाते.

या योजनेत दरवर्षी १२५ जागा असतात. त्यांतील ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ भटक्या-विमुक्त व अर्धभटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत, वय ३५ च्या आत, आधीच्या पदवीत किमान ६० टक्के गुण आणि जागतिक क्रमवारीतील पहिल्या ५०० मधील विद्यापीठात प्रवेश, या तिच्या मुख्य अटी. शिक्षणशुल्क, विमानप्रवास, व्हिसा आणि आरोग्यविमा सरकार भरते. निर्वाहासाठी ब्रिटनमध्ये वर्षाला ९,९०० पौंड आणि अमेरिकेसह अन्य देशांत १५,४०० डॉलर अशी रक्कम ठरलेली आहे. हा आकडा मोठा भासतो, परंतु त्याचे दरमहा ८२५ पौंड होतात, आणि लंडनमध्ये शिकणाऱ्याजवळ खर्चासाठी दरमहा १,३३४ पौंड असावेत असे ब्रिटनचे स्वतःचे व्हिसाविषयक मोजमाप २०२४ मध्ये होते. २०२५ च्या जानेवारीपासून ते १,४८३ पौंडांवर गेले. लंडन आणि एखादे लहान इंग्रजी शहर यांना एकच भत्ता लावल्याने विद्यार्थी विद्यापीठ निवडताना विषयापेक्षा घरभाड्याकडे पाहू लागतो.

मुडबीसारख्या गावातील विद्यार्थ्याला या शिष्यवृत्तीपर्यंत पोहोचताना आणखी एक गुंता सोडवावा लागतो. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी उर्दू, आणि वरच्या वर्गांत इंग्रजी, अशी या भागातील अनेक मुलांची भाषिक वाटचाल असते. मुंबई-पुण्याची मराठी वृत्तपत्रे वाचणाऱ्याला महाराष्ट्र सरकारच्या ‘राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती’ची माहिती सहज मिळते, परंतु अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५ जागा देणारी ती योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांपुरती आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले, त्यामुळे एकाच कुळातील, एकाच बोलीची दोन चुलत भावंडे आज दोन निरनिराळ्या योजनांची हक्कदार ठरतात. वादग्रस्त सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातील महाविद्यालयांत काही जागा मिळतात, पण परदेशी शिष्यवृत्ती भाषेकडे पाहत नाही, अधिवासाच्या दाखल्याकडे पाहते. बसवकल्याण तालुक्यातील अनुसूचित जातीजमातींच्या विद्यार्थ्यांनी पाहायची ती कर्नाटक समाजकल्याण खात्याची ‘प्रबुद्ध’ ही योजना; तिची मूळ कागदपत्रे कन्नडमध्ये असल्याने मराठी माध्यमात शिकलेल्या घरांपर्यंत ती उशिरा पोहोचते.

कागदपत्रांची जुळवाजुळव हा स्वतंत्रच अभ्यासक्रम आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून, गुणपत्रके गुलबर्गा विद्यापीठातून किंवा कडगंची येथील केंद्रीय विद्यापीठातून, इंग्रजीच्या चाचणीसाठी हैदराबाद किंवा बंगळुरूची वारी, आणि या सर्वांच्या मुदती एकमेकींशी न जुळणाऱ्या. अनेक परदेशी विद्यापीठे जागा राखण्यासाठी अनामत रक्कम मागतात, तर शिष्यवृत्तीचा निकाल त्यानंतर येतो. मधल्या काळासाठी कर्ज काढण्याची ऐपत नसलेल्या घरासाठीच ही योजना असताना त्या कर्जाची गरज पडावी, हा तिच्यातील अंतर्विरोध आहे. पूर्वी परदेशात शिकून आलेला कोणी गावात किंवा नात्यात असेल तर या अडचणी निम्म्या होतात, आणि तसा माणूस नसेल तर हुशार विद्यार्थ्याचेही एखादे वर्ष सहज वाया जाते, जे ३५ वर्षांच्या अटीत पुन्हा भरून निघत नाही.

विषयावरचे बंधनही परत आले आहे. २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांत केंद्र सरकारने असे ठरवले की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाजाचा अभ्यास यांवरील अभ्यासक्रम व संशोधनविषय राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. असे विषय देशातच शिकता येतात, त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही, हे त्याचे समर्थन. परंतु संशोधनासाठी विषय कोठला आहे यापेक्षा त्याकडे पाहण्याची पद्धत, शिक्षक आणि ग्रंथसंग्रह कोठे आहेत हे अधिक महत्त्वाचे असते, आणि गोल्डनवायझर यांच्या वर्गात वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध या नियमाखाली अपात्र विषयांतच मोडला असता. जातीवर किंवा दख्खनच्या इतिहासावर बाहेर जाऊन काम करू पाहणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला त्यामुळे आता राष्ट्रकुल, चेव्हनिंग, फुलब्राइट यांसारख्या खुल्या स्पर्धेच्या शिष्यवृत्त्यांकडे किंवा त्या त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीकडे वळावे लागते, जेथे त्याच्यासाठी राखीव जागा नसते आणि अर्जाची मुदत बहुधा प्रवेशाच्या वर्षभर आधीच संपलेली असते.